क्लोरीन गेला कुठे?

‘जमिनीतले जिवाणू विष खाऊन टाकतात’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे; हिशेब मात्र नाही. तरीही पीसीबी, डायॉक्सिन, डीडीटी असल्या क्लोरीनयुक्त रसायनांनी नासलेल्या जमिनीचा विषय निघाला की चर्चेतले निम्मे लोक या एका वाक्यावर निर्धास्त होतात. उरलेले निम्मे तितक्याच ठामपणे उलटे सांगतात. ही रसायने माणसाने घडवली, निसर्गाला त्यांची ओळख नाही, ती कधीच संपत नाहीत, तेव्हा माती खणा आणि भट्टीत घाला. दोन्ही बाजूंचे भांडण एकाच प्रश्नाभोवती फिरते: जिवाणू हे खाऊ शकतात की नाही? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचे उत्तर विज्ञानाने केव्हाच दिले आहे. खाऊ शकतात, पण प्रत्येक रेणू नाही, प्रत्येक ठिकाणी नाही, आणि पुष्कळदा अर्धवट. विचारायला हवा तो त्यापुढचा प्रश्न. रेणूला चिकटलेला क्लोरीन गेला कुठे? क्लोरीन हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते नष्ट करू शकत नाही. फार तर तो ते रेणूपासून सोडवतो आणि साध्या मिठात असते तशा क्लोराइडच्या रूपात पाण्यात सोडून देतो. विष संपले असेल तर तेवढे क्लोराइड कुठेतरी सुटलेले असलेच पाहिजे. ते, किंवा त्याच्या तोडीचा दुसरा पुरावा, दाखवता येत नसेल तर विष संपले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि तो पुरावा देण्याची जबाबदारी ज्याने विष सांडले त्याची आहे.

वाद बिघडतो तो नावापासूनच. ‘क्लोरीनयुक्त ॲरोमॅटिक संयुगे’ हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. सहा कार्बन अणूंचे बेंझीनचे कडे आणि त्यावर कुठे ना कुठे बसलेले क्लोरीनचे अणू, एवढेच त्या कुळात सामाईक. किती अणू बसले आणि कोणत्या जागी बसले, यावर रेणूचे आयुष्य ठरते. २,४-डी हे तणनाशक घ्या. त्याच्या कड्यावर दोन क्लोरीन. ते १९४०च्या दशकात वापरात आले आणि १९४९मध्ये ऑडस या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतून त्याचे द्रावण पुन्हा पुन्हा झिरपवून पाहिले. पहिल्या खेपेला काही काळ काहीच घडले नाही, मग रसायन झपाट्याने नाहीसे झाले. त्याच मातीला दुसरी मात्रा दिली तेव्हा मधला थांबा उरला नव्हता. मोजक्या जिवाणूंनी पहिल्या मात्रेवर आपली संख्या वाढवून ठेवली होती. आता त्याच कड्यावर आणखी एक क्लोरीन बसवा. २,४,५-टी तयार होते आणि आठवड्यांची गोष्ट महिन्यांवर जाते. या २,४,५-टीच्या निर्मितीत नकोसा उपपदार्थ म्हणून चार क्लोरीनचे टीसीडीडी हे डायॉक्सिन तयार होते. मातीच्या खालच्या थरात ते दशकानुदशके टिकते. एकट्या पीसीबीचेच, म्हणजे दोन जोडलेल्या कड्यांच्या बायफेनिलवर क्लोरीन बसून बनणाऱ्या रसायनांचेच, २०९ प्रकार. एका टोकाचे उदाहरण दाखवून दुसऱ्या टोकाबद्दल ग्वाही देणे, ही या वादातली सर्वांत जुनी चलाखी आहे. २,४-डी लवकर जाते म्हणून पीसीबीही जाईल, किंवा डायॉक्सिन टिकते म्हणून क्लोरोबेंझीनलाही भट्टीच हवी, या दोन्ही अनुमानांत चूक सारखीच आहे.

जिवाणू नेमके करतात काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. या सगळ्या विषयात मला सर्वाधिक थक्क करणारा भागही हाच आहे. बेंझीनचे कडे फार स्थिर असते. ते फोडण्यासाठी हवेत जगणारे, म्हणजे ऑक्सिजन वापरणारे, जिवाणू डायऑक्सिजनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरतात. हे विकर ऑक्सिजनच्या रेणूतले दोन्ही अणू कड्यातल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर बसवते. त्यातून कॅटेकोल बनते, मग दुसरे विकर कडे तोडून त्याची सरळ साखळी करते, आणि साखळी झाली की पेशी ती नेहमीच्या अन्नासारखी वापरते. या वाटेवर कुठेतरी क्लोरीन क्लोराइड होऊन गळतो. पण ऑक्सिजनला बसायला मोकळ्या जागा लागतात. क्लोरीन जितके जास्त तितक्या त्या जागा कमी, शिवाय कड्यातले इलेक्ट्रॉनही क्लोरीनने आपल्याकडे ओढलेले. पाच-सहा क्लोरीन असतील तर ही वाट जवळपास बंद होते.

तिथे वेगळेच जिवाणू कामाला येतात आणि त्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. नदीच्या तळाचा काळा गाळ, पाणी तुंबून हवा कोंडलेली माती, ही त्यांची वस्ती. आपण श्वासातून ऑक्सिजन घेतो तो अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी हवाली करता यावेत म्हणून. हे जिवाणू ते क्लोरीनयुक्त रेणूच्या हवाली करतात. आपल्या दृष्टीने जे विष, ते त्यांचा श्वास. दर वेळी एक क्लोरीन सुटतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. डीहॅलोकोकॉइडिस वंशातला सीबीडीबी१ हा जिवाणू क्लोरोबेंझिनांवर आणि काही डायॉक्सिनांवर असाच जगतो. त्याचा जनुकसंच जेमतेम १४ लाख बेसजोड्यांचा, पण त्यात क्लोरीन सोडवणाऱ्या विकरांची ३२ जनुके. हवेत पीसीबी फोडणाऱ्या बर्खोल्डेरिया झेनोव्होरान्स एलबी४०० या जिवाणूचा जनुकसंच ९७ लाखांचा. दुसरा हरकामी, पहिला एकाच कसबात मुरलेला. हा मुरलेला कसबी फार परावलंबीही आहे. त्याच्या विकरांना बी१२ जीवनसत्त्वाच्या गटातला रेणू लागतो आणि तो त्याला स्वतःला बनवता येत नाही. हायड्रोजन शेजारच्या जिवाणूंनी आंबवण्यातून पुरवावा लागतो. आणि इतके करून तो काम पूर्ण करत नाही. जास्त क्लोरीनचे रेणू कमी क्लोरीनचे करून थांबतो. पुढचे काम हवेत जगणाऱ्यांचे. म्हणजे त्याच मातीत आधी हवा नको आणि नंतर हवा हवी. गाळाच्या तळाशी पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही. भुसभुशीत, हवेशीर जमिनीत दुसरी होते, पहिली होत नाही. ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम आपोआप कसा जुळेल ते सांगायला हवे.

त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. निसर्गाला ही रसायने सर्वस्वी परकी आहेत, हे विधान खोटे आहे. सजीवांनी बनवलेली किंवा वणवे, ज्वालामुखी यांतून तयार होणारी हॅलोजनयुक्त कार्बनी संयुगे आज हजारोंच्या संख्येने ज्ञात आहेत. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्याही बेंझीनच्या कड्यावर क्लोरीन बसवतात. क्लोरीन सोडवण्याची हत्यारे कारखान्यांच्या फार आधीपासून मातीत होती, आणि जिवाणू ती एकमेकांना देतात. २,४-डी फोडण्याची जनुके पीजेपी४ नावाच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या वर्तुळावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. टेक्सासमधल्या केली हवाई तळाखालच्या भूजलात क्लोरोबेंझीन मिसळले होते. तिथे सापडलेल्या जेएस७०५ या जिवाणूत दोन वेगवेगळ्या घराण्यांतली जनुके एकत्र आलेली आढळली. एका घराण्यातली कड्यावर ऑक्सिजन बसवणारी, दुसऱ्यातली क्लोरोकॅटेकोल फोडणारी. दूषित पाण्यात असे जिवाणू होते, त्या पट्ट्याबाहेरच्या स्वच्छ पाण्यात नव्हते. हे १९९८मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाने सांडलेल्या रसायनावर इतक्या थोड्या काळात नवी पचनवाट उभी राहू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? ‘ही रसायने अमर आहेत’ म्हणणाऱ्यांनी या पाण्याकडे पाठ फिरवू नये.

पण इथून थेट ‘मग वाट पाहू या’ या निष्कर्षावर उडी मारणे धोक्याचे आहे, आणि ती उडी एकदा मारून झालेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला सूक्ष्मजीवशास्त्रात एक विचार जोरात होता. १९५२मध्ये अर्नेस्ट गेल यांनी तो ठळकपणे मांडला. आशय असा की, ज्यात ऊर्जा आहे असा कोणताही कार्बनी पदार्थ निसर्गात ढीग लावून पडून राहत नाही, त्याअर्थी त्याला खाणारा कोणी ना कोणी सूक्ष्मजीव असणारच. तर्क सुबक होता. नैसर्गिक पदार्थांपुरता तो बऱ्याच अंशी खराही होता. पण त्याच काळात डीडीटी टनावारी फवारले जात होते, पीसीबी विद्युत रोहित्रांत भरले जात होते, आणि ‘कोणी ना कोणी खाईल’ ही समजूत त्या वापराला नकळत पाठबळ देत होती. १९६५मध्ये मार्टिन अलेक्झांडर यांनी या विश्वासाला नाव ठेवले ‘सूक्ष्मजीवांची अचूकता’ आणि ती अचूकता नाही हे मुद्देसूद दाखवले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये सोरेन येन्सन यांना मासे आणि पक्ष्यांच्या ऊतींत पीसीबी सापडले. खाणारा कोणी भेटायच्या आत ते अन्नसाखळीत शिरले होते.

अचूकता का नसते? कारण उत्क्रांती जमीन स्वच्छ करायला निघालेली नसते. जिवाणूला जगण्यापुरती ऊर्जा मिळाली की त्याचे भागते. पेंटाक्लोरोफेनॉल हे लाकूड टिकवण्यासाठीचे रसायन १९३६पासून वापरात आले. ते पचवणाऱ्या स्फिंगोबियम क्लोरोफेनोलिकम या जिवाणूची पचनवाट निरनिराळ्या जुन्या वाटांचे तुकडे जोडून बनलेली आहे. ठिगळे लावलेली ही वाट चालते, पण तिचे पहिले विकर अतिशय मंद आहे आणि त्यातून तयार होणारा पदार्थ पेशीलाच घातक आहे. ३-क्लोरोकॅटेकोलची गोष्ट आणखी बोलकी. कॅटेकोल फोडणारे एक सर्रास आढळणारे विकर त्याच्यावर काम करायला जाते आणि त्यातून बनणारा पदार्थ त्या विकरालाच कायमचे निकामी करतो. कित्येक जिवाणूंची वाट तिथेच अडते. एलबी४००सारखा नामांकित पीसीबीभक्षकसुद्धा पीसीबीची एक बाजू फोडतो आणि दुसऱ्या बाजूचे क्लोरोबेंझोएट तसेच मागे टाकतो. आणि डीडीटी? हवेशीर मातीत त्याचे डीडीई होते. ‘डीडीटी राहिले नाही’ हे वाक्य तिथे अक्षरशः खरे असते. डीडीटीत पाच क्लोरीन असतात, डीडीईत चार. पाचांतला एक सुटला, तोही कड्यावरचा नव्हे, मधल्या जोडणीतला. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करणारे ते हेच डीडीई. डीडीटीचा आकडा उतरला म्हणून आनंदी झालेला माणूस आणि क्लोरीनचा हिशेब मागणारा माणूस, यांच्यातला फरक इथे लख्ख दिसतो.

हा फरक सार्वजनिक धोरणात काय घडवतो, हे हडसन नदीने दाखवून दिले. न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नदीत गेले. अंदाज १३ लाख पौंडांपर्यंतचा आहे. १९८४मध्ये नदीचा सुमारे २०० मैलांचा पट्टा अमेरिकेच्या अतिदूषित स्थळांच्या यादीत आला. तेव्हा सरकारने गाळाला तूर्त हात लावायचा नाही असे ठरवले. १९८७मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्याच शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. हडसनच्या गाळात ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पीसीबीवरचे क्लोरीन सोडवत होते. पुढच्या वर्षी मिशिगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी नदीतलेच जिवाणू घेऊन प्रयोगशाळेत हे घडवून दाखवले. शोध खरा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कंपनीचे विज्ञान म्हणजे बनवाबनवीच, अशी समजूत या प्रकरणाभोवती पसरलेली आहे आणि तिने वाद आणखी गढूळ केला आहे. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेला नदीपात्रातला प्रयोग तर नमुनेदार म्हणावा असा आहे. बंदिस्त केलेल्या गाळात ऑक्सिजन, पोषणद्रव्ये आणि बायफेनिल घातले, तेव्हा पीसीबीत ३७ ते ५५ टक्के घट झाली, आणि त्याच वेळी क्लोरोबेंझोएट तयार होताना आढळले. म्हणजे घट नुसती गळती किंवा शोषण नव्हते, रेणू खरोखर फुटत होते. माझी मागणी असलेला पुरावा तो हाच.

मग चुकले कुठे? खऱ्या शोधावरून काढलेल्या निष्कर्षात. नदी स्वतःला स्वच्छ करते आहे, तेव्हा गाळ उपसायची गरज नाही, हा प्रचार पुढे वर्षानुवर्षे चालला. आता हिशेब मांडून पाहा. ऑक्सिजनविना होणाऱ्या क्रियेत कड्याच्या बाहेरच्या बाजूंचे क्लोरीन, रसायनशास्त्राच्या भाषेत मेटा आणि पॅरा जागांवरचे, सुटतात. दोन कड्यांना जोडणाऱ्या बंधालगतचे, ऑर्थो जागांवरचे, बहुतांशी तसेच राहतात. क्लोरीनची संख्या कमी होते, पण बायफेनिलचा एकही सांगाडा मोडत नाही. जितके पीसीबी रेणू होते तितकेच उरतात, हलके होऊन. विरोधी बाजूच्या श्रेयाची नोंद करायलाच हवी. डायॉक्सिनसारखे वागणारे जे सर्वांत धोकादायक पीसीबी आहेत ते या क्रियेत कमी होतात, आणि ही किरकोळ गोष्ट नाही. पण उरलेले हलके, ऑर्थो जागांचे पीसीबी पाण्यात अधिक विरघळतात, हवेत अधिक उडतात, आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांबाबत त्यांच्याकडे संशयाने पाहायला पुरेशी कारणे आहेत. शिवाय जिथे गाळात पीसीबी दाट होते तिथे ही क्रिया जोरात चालली. जिथे विरळ होते तिथे फारशी चाललीच नाही. जिवाणूंना जगण्यापुरता साठा लागतो. मासा विरळ गाळातूनही पीसीबी गोळा करतो आणि चरबीत साठवतो, त्याला तशी काही मर्यादा नाही.

२००२मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने गाळ उपसण्याचा निर्णय दिला. काम २००९मध्ये सुरू झाले आणि २०१५मध्ये संपले. २६ लाख घनयार्डांहून अधिक गाळ बाहेर निघाला. पहिल्या निर्णयापासून उपसा सुरू होईपर्यंत पंचवीस वर्षे गेली. या विलंबाला कायदेशीर, राजकीय, आर्थिक अशी अनेक कारणे होती आणि सगळे खापर जिवाणूंच्या नावावर फोडणे अन्यायाचे होईल. पण ‘निसर्ग काम करतो आहे’ या अर्धसत्याने त्या सगळ्या कारणांना प्रतिष्ठा दिली, हे कसे नाकारायचे?

म्हणून उपसा करा, भट्टी पेटवा, विषय मिटला, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहीन असे कोणाला वाटेल, तर तेही नाही. त्यांचे एक म्हणणे पक्के आहे. टीसीडीडी दाट साचलेल्या ठिकाणी जिवाणूंवर भिस्त ठेवणे बेजबाबदारपणाचे आहे. व्हिएतनाममधल्या दा नांग विमानतळावर युद्धकाळातल्या तणनाशकांच्या साठ्यातून डायॉक्सिन जमिनीत उतरले होते. २०१२ ते २०१८ या काळात तिथली सुमारे ९० हजार घनमीटर माती बंदिस्त ढिगांत घालून किमान ३३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवली गेली. तो निर्णय योग्यच होता; तिथे जिवाणूंची वाट पाहणे म्हणजे पुढच्या पिढ्यांना वेठीला धरणे ठरले असते. पण हाच उपाय सगळीकडे लावायचा म्हटला तर काय होते? इटलीतल्या सेव्हेसोत १० जुलै १९७६ रोजी कारखान्यातून टीसीडीडीचा ढग बाहेर पडला. सर्वाधिक बाधित पट्ट्यातली वरची माती खरवडून जवळच बांधलेल्या दोन बंदिस्त खड्ड्यांत पुरली गेली, वर झाडी वाढवून उद्यान केले गेले. माती हलली, रेणू तसेच राहिले. आणि भट्टी? क्लोरीनयुक्त ॲरोमॅटिक पदार्थ पुरेशा तापमानाला, पुरेसा वेळ जळले नाहीत तर त्या भट्टीतूनच डायॉक्सिन तयार होते. चोख चालवलेल्या भट्टीत हे टाळता येते, पण भट्टी चोख चालवली जाते आहे का, हेही मोजूनच कळते. त्याहून मोठी अडचण विस्ताराची. विष एका आवारात दाट साचले असेल तर खणता येते. तेच शेकडो चौरस किलोमीटरवर विरळ पसरले असेल तर काय खणणार? तापवलेली माती ही माती उरत नाही. तिच्यातली बुरशी, गांडुळे, सेंद्रिय द्रव्य सगळे संपलेले असते. अशा विरळ, विस्तीर्ण दूषणावर जिवाणूंशिवाय दुसरा सोबती नाही, आणि ‘अमर रसायने’ असे ओरडून आपण त्या एकमेव सोबत्यावरचे संशोधन आणि त्यासाठीचा निधी यांचीच गळचेपी करतो.

सोबती म्हटल्यावर बाटलीत भरलेले जिवाणू विकणारे पुढे येतात, त्यांच्याबद्दलही बोलायला हवे. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला पेटंट मिळू शकते असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पुढे त्यांच्या गटाने २,४,५-टीवर वाढणारा जिवाणूही प्रयोगशाळेत घडवला. विज्ञान म्हणून ही कामगिरी मोठीच. पण सांडलेल्या तेलावर उघड्या समुद्रात तो पेटंटप्राप्त जिवाणू कधी सोडला गेला नाही, आणि १९८९मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन व्हाल्डीझ जहाजाचे तेल पसरले तेव्हा उपयोगी पडले ते खत; किनाऱ्यावर मुळातच असलेल्या जिवाणूंना नत्र आणि स्फुरद मिळाले आणि ते कामाला लागले. हडसनच्या प्रयोगातही बाहेरचा पीसीबीभक्षक जिवाणू पुन्हा पुन्हा सोडून पाहिला होता; त्याने काही फरक पडला नाही. मातीत आधीच गर्दी असते. पाहुण्या जिवाणूला जागा मिळत नाही, अन्न मिळत नाही आणि एकपेशीय शिकारी त्याला फस्त करतात. बरणीत मिळालेले यश जमिनीत टिकेल असे धरून चालणे म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचा आहे, जरी ते रेणू ॲरोमॅटिक नसले तरी. कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगच्या आणि यंत्रे पुसण्याच्या द्रावकांनी, म्हणजे क्लोरीनयुक्त एथिनांनी, भूजल नासते तेव्हा कित्येक ठिकाणचे स्थानिक जिवाणू एकेक क्लोरीन काढत व्हिनाइल क्लोराइडपर्यंत येतात आणि थांबतात. व्हिनाइल क्लोराइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध आहे. मूळ द्रावकाचा आकडा शून्याकडे चाललेला असतो आणि पाणी आधीपेक्षा घातक झालेले असते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. १९९७मध्ये शेवटच्या क्लोरीनपर्यंत मजल मारून निरुपद्रवी एथीन सोडणारा डीहॅलोकोकॉइडिस सापडला, आणि जिथे तो नव्हता तिथे बाहेरून सोडल्यावर काम पुढे गेले. बाहेरचा जिवाणू इथे चालला, कारण नेमकी कोणती पायरी अडली आहे हे आधी मोजले गेले होते.

मोजणे महाग आहे, हा आक्षेप मला माहीत आहे. त्यात तथ्यही आहे. मातीत क्लोराइड आधीच भरपूर असते, त्यामुळे जिवाणूंनी सोडवलेली चिमूटभर भर त्यात दिसत नाही. पण दुसरे मार्ग आहेत. कार्बनच्या अणूंत हलके आणि जड असे प्रकार असतात. हलक्या कार्बनचे बंध किंचित सहज तुटतात, म्हणून जिवाणू क्लोरोबेंझीनसारखा रेणू फोडत असतील तर मागे उरलेल्या रेणूंत जड कार्बनचे प्रमाण वाढत जाते. नुसते पाण्यात मिसळून विरळ झाल्यावर ते तसे वाढत नाही. क्लोरोबेंझोएटसारखे मधले पदार्थ शोधता येतात. क्लोरीन सोडवणाऱ्या विकरांची जनुके मातीत किती आहेत ते मोजता येते. एकट्या खुणेवर विसंबू नये, पण तीन-चार खुणा एका दिशेने बोट दाखवू लागल्या की दाव्याला वजन येते. याउलट आज पुष्कळ अहवालांत एकच आकडा असतो: द्रावकाने मातीतून काढता आलेले रसायन आधी किती आणि नंतर किती. हा आकडा उतरायला रेणू फुटावाच लागतो असे नाही. काळ जाईल तसे ही रसायने मातीच्या सेंद्रिय कणांत खोल रुतून बसतात आणि द्रावकालाही सुटत नाहीत. रुतलेले विष गांडुळालाही लागत नाही, मग काळजी कशाची, असे काही जाणकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. रुतल्याने धोका खरोखर कमी होतो. पण रुतलेला रेणू जिवाणूलाही लागत नाही, म्हणजे त्याचे फुटणे तिथेच थांबते. पुराने ती माती वाहून गेली, तिच्यातले सेंद्रिय द्रव्य कुजले, की साठा पुन्हा उघडा पडू शकतो. त्याला ‘लपले’ म्हणा, ‘संपले’ म्हणू नका.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९मध्येच स्पष्ट केले होते की निसर्गावर सोपवलेले शुद्धीकरण म्हणजे काहीच न करणे नव्हे. त्यात सतत देखरेख हवी, रेणू खरोखर फुटण्याला नुसत्या विरळ होण्यापेक्षा अधिक महत्त्व हवे, आणि ठरल्या काळात अपेक्षित फळ दिसले नाही तर काय करायचे हे आधीच ठरलेले हवे. त्यातली शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि चर्चेत सर्वांत आधी विसरली जाते तीही तीच. किती वर्षांत किती रेणू फुटले पाहिजेत आणि तसे झाले नाही तर उपशाचा खर्च कोणाचा, हे लेखी ठरवल्याशिवाय जिवाणूंच्या भरवशावर जमीन सोडणे म्हणजे मुदतीशिवाय कर्ज देणे.

हडसनच्या वरच्या पट्ट्यात १९७६मध्ये मासेमारीवर बंदी आली. १९९५मध्ये ती थोडी सैल झाली, तीही मासा पकडून परत पाण्यात सोडायच्या अटीवर. गाळात तेव्हाही जिवाणू क्लोरीन सोडवत होते, आजही सोडवत असतील. १९७६मध्ये त्या काठावर जन्मलेले मूल आज पन्नाशीला टेकले आहे, आणि वरच्या हडसनमध्ये पकडलेला मासा खाऊ नका हे आरोग्य खात्याचे सांगणे त्याने आयुष्यभर ऐकले आहे.